काकाजींची लाकडी फरशी

काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडताना जो आवाज होतो, तो मी इतक्या उन्हाळ्यांत ऐकला आहे की आजही कुठे सुतारकाम चाललेलं दिसलं की मी रस्ता बदलते. पुलगावला ज्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, ते आमचे घरमालक दर उन्हाळ्यात हा आवाज काढत. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणे. माणूस वाईट नव्हता. उलट चांगलाच होता. पण चांगल्या माणसांचाही कंटाळा येतो, आणि मला काकाजींचा मनापासून कंटाळा आला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं बोलले तर ते गेलेल्या माणसाबद्दल बोलायची रीत म्हणून बोलले, असं कुणाला वाटायला नको.

मी वर्ध्याकडच्या सेलूची. सत्तरच्या दशकात पुलगावच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि खोली शोधत फिरू लागले. एकटी बाई म्हटल्यावर लोक आधी कपाळाला आठ्या घालत, आणि आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच दिली' होऊन जाई. आम्ही बौद्ध. आठ्यांची मला सवय होती, कालच दिलेल्या खोल्यांचीही होत आली होती. काकाजींच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी नाव, गाव, जात, पगार यांतलं काहीच विचारलं नाही.

"चप्पल उलटी करा," म्हणाले.

मी चप्पल उलटी करून दाखवली. तळाला खिळा नव्हता. मग त्यांनी माझी ट्रंक बोटाच्या पेराने ठोकून पाहिली, हिच्या खाली गोणपाट टाका लागन म्हणाले, आणि मला वर नेलं. इतक्या सोप्या परीक्षेत मी आयुष्यात दुसऱ्यांदा कधी पास झाले नाही.

खोलीत लाकडाची फरशी होती. पुलगावात, जिथे घरोघरी शहाबादी नाहीतर साधी मातीची जमीन, तिथे या माणसाने स्लॅबवर लाकडी फळ्या बसवल्या होत्या. फळ्या सागवानी दिसत, पण पुरत्या सागवानी नव्हत्या. खाली प्लायवूडसारखे एकमेकांवर चिकटवलेले थर आणि वर सागाचा पातळ पापुद्रा, अशा तयार फळ्या. कुठल्याशा मोठ्या बंगल्यातलं सामान मोडीत निघालं, लिलाव झाला, त्यात त्यांनी त्या घेतल्या. त्यांच्यावर कुठलंतरी वार्निश आधीच चढवलेलं होतं. कडक, पिवळं आणि जागोजागी तडकलेलं. सगळ्या कटकटीचं मूळ ते होतं.

ती खोली भाड्यासाठी बांधलेलीच नव्हती. काकाजींचा एकुलता मुलगा भिलाईला नोकरीला होता, त्याच्यासाठी ती होती. स्लॅब तापतो, पोराचे पाय भाजतात, म्हणून लाकूड. लग्नानंतर सून पहिल्यांदा वर आली, आणि तडकलेल्या फळीचं कुसळ तिच्या तळपायात घुसलं. तिचा पाय मांडीवर घेऊन मुलगा हसत म्हणाला, "बाबा, हे फरशी नीट करा, मग आमी येतो राह्यले." दुसऱ्या दिवशी दोघं भिलाईला निघून गेले. मुलगा ते बोलला आणि विसरला असेल. काकाजींनी मात्र ते वाक्य शपथपत्रासारखं जपून ठेवलं होतं. मला खोली देतानाच त्यांनी बजावलं, "पोरगा येणार हाये, बाई. फरशी झाली का खोली खाली करा लागन. मंग रडजो नोका."

मी म्हटलं, बरं. यंदाच्या उन्हाळ्यात होईल म्हणत होते. मी ट्रंकसुद्धा पुरती उघडली नाही.

काकाजी पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले. तिथे आयुष्यभर त्यांचं काम एकच, लाकडी खोकी तपासायची. झाकण बसतं की नाही, फळी तडकली आहे का, खिळा बाहेर आला आहे का. निवृत्तीनंतर खोकी गेली, पण तपासणी गेली नाही. टरबूज, दार, पाहुण्याने आणलेला मिठाईचा डबा, जे हाताला लागेल ते ते बोटाने ठोकून, कान देऊन ऐकत. लाकूड कुठलं आहे ते डोळे मिटून नुसत्या वासावर सांगत. एकदा माझी टेबलाची खुर्ची हुंगून म्हणाले, "दुकानदारानं साग म्हणून देली असन. सालई हाये हे." खुर्ची घेऊन मी इतकी खूश होते की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांचं एक वाक्य होतं, "खालचं साफ नसन तं वरचं धरत नाई." ते मुळात वार्निशबद्दल होतं. जुना थर पुरता काढला नाही तर नवा थर धरत नाही, त्याचे पापुद्रे निघतात. पण काकाजी ते कुठेही लावत. मोडलेलं लग्न, पडलेलं सरकार, माझ्या वर्गातला नापास विद्यार्थी, करपलेला भात, सगळ्यांचा निकाल याच वाक्यात लागे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बरोबर बसे, आणि त्याचाच जास्त राग येई.

जुनं वार्निश काढायला त्यांनी काय केलं नाही? आधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला. लाखेचं पॉलिश असतं तर ते विरघळलं असतं. हे विरघळलं नाही. टर्पेंटाइन झालं. धुण्याचा सोडा झाला, त्याने फळ्या काळवंडल्या. रंधा मारायची सोय नव्हती, कारण वरचा सागाचा पापुद्रा इतका पातळ की रंध्याने एका दमात निघून गेला असता. उरली काच. सुतार लोक काचेच्या ताज्या फुटलेल्या धारेने पॉलिश खरवडतात, तसं हे सबंध खोली खरवडत. डोक्याला ओला दुपट्टा, अंगात बनियन, कमरेला डेपोतली खाकी अर्धी चड्डी, आणि शेजारी तंबाखूच्या मोठ्या डब्यात काचा. धार गेली की नवा तुकडा.

काचेचीही पारख होती. बाटलीची काच त्यांना चालत नसे, ती 'वाकडी चालते'. खिडकीची बरी. तसबिरीची सगळ्यांत उत्तम. त्यामुळे गल्लीत कुणाची तसबीर पडली की लोक तुकडे पुडीत बांधून काकाजींकडे पाठवून देत. तरीही काच पुरेना, तेव्हा त्यांनी घरच्या तसबिरींना हात घातला. त्यांच्या घरात देवांना काच नव्हती. देवांवर प्लास्टिकचे कागद ताणून बसवलेले होते, आणि पंखा लावला की ते फडफडत.

"देवायचे बी काच काढले या मान्सानं," काकू म्हणत. काकू म्हणजे त्यांची बायको. बुटकी, सावळी, शांत चालणारी आणि अजिबात शांत न बोलणारी. "आता माह्या बांगड्या तेवढ्या राह्यल्या."

"त्या वाकड्या हायेत," काकाजी मान वर न करता म्हणत.

मे महिन्यात शाळा सुटली की माझ्या हालांना सुरुवात. माझं सगळं सामान खाली ओसरीवर. मी सेलूला जाऊन यायची, पण पेपर तपासायचे असत, कधी शाळेचं दुसरं काम निघे, आणि खरं सांगायचं तर सेलूला गेलं की वडील लग्नाचा विषय काढत. दोन्हींत ओसरी बरी. मग ती दुपार, तो पुलगावचा उन्हाळा, आणि वरून तो आवाज. करकर, करकर. मध्येच थांबे. वाटे, संपलं. पुन्हा करकर. काकू खालून ओरडत, "तुमच्या या फरशीपायी पोरगं येत नाई घरी. फरशी नाई, सवत हाये माही." हे रोजचं. वर काच आणखी जोरात चाले.

आणि एवढं करून फरशी काही होत नव्हती. दर वर्षी काहीतरी निघायचंच.

मी येण्याच्या आधी पहिल्या वर्षी म्हणे त्यांनी वार्निशच्या ऐवजी घाण्यावरचं जवसाचं तेल चोळलं होतं. आपल्याकडे जवस पिकतो, मग बाहेरचं कशाला, हा हिशोब. कच्चं तेल वाळेचना. पावसाळाभर त्या खोलीत पाय चिकटत होते, मुंग्या दाराकडून खिडकीकडे मिरवणूक काढून जात होत्या. तेव्हापासून तेल हा काकाजींचा जन्माचा वैरी. एकदा मी कंटाळून म्हटलं, उन्हाळ्यात कशाला, दिवाळीच्या सुट्टीत करा, मला घरी तरी जाता येईल. त्यांनी ऐकलं. पण दिवाळी म्हणजे आमच्याकडे कापसाचा हंगाम. रस्त्याने कापसाच्या गाड्या चाललेल्या, हवेत रुईचे तंतू. वार्निश ओलं असतानाच सगळी रुई वर येऊन बसली, आणि फरशीला लव फुटली. काकाजी दारात उभे राहून बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. मला हसू आवरेना, आणि मग हसण्याचाही कंटाळा आला.

त्यानंतर मात्र मेच्या कडक उन्हाळ्यात, सगळं साफ पुसून, खिडकीला ओलं धोतर बांधून ते वार्निश चढवत, आणि तरीही ते धरत नसे. सबंध खोलीत छान बसे, पण दारापासून खिडकीपर्यंत एका पट्ट्यात थेंब थेंब होऊन बाजूला सरके. वाळलं की तिथून सोलून निघे. एवढा पट्टा तेवढा दुरुस्त करा, असं मी सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फुटक्या तळाच्या खोक्यावर सही करायला सांगते आहे. पट्टा दिसतो. पोरगा आला तर पहिल्यांदा तोच पाहील. म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा सगळी खोली.

"हे तेलाचं काम हाये," ते म्हणाले. त्या पट्ट्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाले, "फोडणी. तुमची फोडणी हाये हे, बाई."

झालं. त्या वर्षापासून उन्हाळ्याच्या आधी महिनाभर माझ्या खोलीत फोडणी बंद. डोक्याला तेल बंद, आणि लावलंच तर वेणीला फडकं बांधायचं. मी शेंगदाण्याचं तेल चमच्याने मोजून घालणारी, महिन्याच्या शेवटी तेही नसायचं. तरी मी आरोपी. माझा स्टोव्ह मी वरच, खोलीबाहेरच्या कोनाड्यात ठेवून दिला आणि स्वयंपाकाला खाली काकूंकडे जाऊ लागले. त्यांनी चुलीजवळ सरकून मला जागा करून दिली. माझ्या ताटातली भाजी उचलून चाखली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाये." त्या काळात माझ्या ताटात हात घालायला किती घरं तयार झाली असती, ते मला माहीत होतं. भाजीत मीठ खरंच कमी होतं, पण मला ते जेवण फार गोड लागलं.

काकूंच्या टाचांना खोल भेगा होत्या. त्या रोज जवसाचं तेल चोळत. काकाजींना तेलाचं नाव काढलेलं खपत नसे, म्हणून तेलाची शिशी त्यांनी माझ्याकडे लपवून ठेवली होती, माझ्या स्टोव्हच्या मागे. "तिथं नाई पाह्यत ते. बाईमान्साच्या चुलीकडं जात नाईत," त्या म्हणाल्या. मला यात काही वावगं वाटलं नाही. भेगांतून रक्त यायचं त्यांच्या.

मग एका उन्हाळ्यात खोली खरवडून, रेजमालाच्या खरखरीत कागदाने घासून, पुसून तयार झाली. काकाजी वार्निश आणायला बाजारात गेले. मी काहीतरी घ्यायला वर गेले, आणि दारातच थांबले. काकू आत होत्या. साडी जरा वर खोचलेली. त्या दारापासून खिडकीपर्यंत जात, वळत, परत येत. एकेक पाऊल दाबून, सावकाश, देवळात चालावं तसं. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, आणि त्या कोऱ्या फरशीवर त्यांच्या टाचांचे ठसे ओले चमकत होते. शिशी उंबऱ्यावर होती.

"काकू, काय करून राह्यल्या?" मी विचारलं.

त्या दचकल्या नाहीत. "टाचा भेगाळल्या माह्या. तेल लावलं."

"फरशीले?"

त्या दाराशी येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि मला शेजारी बसवलं.

"नातवाच्या बारशाले मी गेलती न भिलाईले," त्या म्हणाल्या. "हे नाई आले, ह्यायचं फरशी घासणं चालू व्हतं. तथी पोरगा म्हणे, आई, चाल, तुले एक गोष्ट दाखवतो. नेलं मले. घर बांधून राह्यला तो तथी. सोताचं. मोझॅकची फरशी, अशी गुळगुळीत. म्हणे, बाबाले आत्ताच सांगू नोको, त्यायले वाईट वाटन. मी सांगन सवडीनं."

"मग सांगितलं का त्यानं?"

"कोन सांगते, बापा. त्याले सवडच नाई भेटली."

"मग तुम्ही सांगा न."

"मी सांगाले आली व्हती. आली तं हे वर बसले व्हते काच घेऊन. मले म्हणे, पाह्य, खिडकीजवळ त्याची खाट येईन, पोट्ट्याचा पाळणा इथं येईन." काकूंनी पदराने उंबऱ्यावरचं तेल पुसलं. "फरशी नाई झाली म्हणून पोरगा येत नाई, हे सोपं हाये, पोरी. फरशी झाली, अन् तरी नाई आला, तं मंग हे मानूस काय करन?"

 त्यांचं म्हणणं मला कळलं. आणि फरशी झाली नाही तर माझी खोली जात नाही, हेही कळलं. खोटं कशाला बोलू, आधी तेच कळलं.

"अन् तुम्ही रोज त्यांना बोलता, फरशीपायी पोरगं येत नाही म्हणून, ते?"

"बोला लागते. नाई बोललं तं त्यायले वाटन, म्हातारीनं आस सोडली." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ठसे कोरड्या फडक्याने पुसले. वरून दिसेनासे झाले, पण लाकडाने तेल प्यायचं ते प्यालंच होतं. "तूच सांग, एवढं आयुष्य खोके तपासले या मान्सानं. रिकामं खोकं त्याच्या हाती कसं देऊ?"

त्या वर्षीही वार्निश धरलं नाही. काकाजींनी पट्ट्यावर बोट फिरवलं, हुंगलं, आणि म्हणाले, "फोडणी." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता आरोपी राहण्यातही मला काही वाटत नव्हतं.

असेच उन्हाळे गेले. मी ट्रंक केव्हाची रिकामी करून पलंगाखाली सरकवली होती. माझ्या हाताखालची मुलं कॉलेजात गेली, गल्लीत एका घरी टीव्ही आला, काकाजींच्या दाढीचे खुंट पांढरे झाले. ते आता बसून खरवडू शकत नव्हते, एका कुशीवर निजून खरवडत. आणि फरशी पातळ होत चालली होती. सागाचा पापुद्रा किती म्हणून पुरणार? एका वर्षी दाराजवळ खालचा थर उघडा पडला. वरच्या सागाच्या रेषा खिडकीकडे धावत, आणि या खालच्या रेषा आडव्या. मध्ये सरसाचा काळपट डाग. काकाजींनी तो बोटाने ठोकला, कान दिला.

"अजून एक डाव होईन," म्हणाले. "पातळ हाताने. त्याच्यानंतर खरवडाले काही राह्यत नाई."

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. एरवी त्यांना गप्प पाहायची सवय नसल्यामुळे मला भीती वाटली.

तो एक डाव पाहायला काकू राहिल्या नाहीत. त्या हिवाळ्यात पोटाचं दुखणं निघालं. वर्ध्याला नेलं, परत आणलं, आणि संक्रांतीच्या आधीच त्या गेल्या. मुलगा, सून, नातू आले. मुलगा रडला, अगदी मनापासून रडला, त्याच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. तेरवीपर्यंत ते सगळे खालीच राहिले. वर कुणी आलं नाही. मी नातवाला एकदा म्हटलं, चल, तुझी खोली दाखवते. त्याची आई म्हणाली, "नको, तिथं पायात कुसळं जातात."

निघायच्या दिवशी रिक्षात बसताना मुलगा म्हणाला, "बाबा, ते फरशीचं काय झालं? झाली का कळवा. येऊ आमी." आपण निरोप घेताना म्हणतो ना, या एकदा जेवायला, अगदी तसं. त्यात कपट नव्हतं. कपट असतं तर मला राग तरी धड करता आला असता.

"होईन यंदा," काकाजी म्हणाले. "आता पक्की होईन."

रिक्षा वळली तरी ते रस्त्यावर उभे होते. मला वाटलं, धावत जावं आणि सांगून टाकावं. पण काकूंनी इतकी वर्षं जे टाचेखाली दाबून ठेवलं होतं, ते उघडायचा अधिकार मला कुठून आला?

मे आला. काकाजींनी खरवडायला घेतलं. या वेळी आवाज फार हळू होता, काच जेमतेम लाकडाला लागत होती. खालून कुणी ओरडत नव्हतं. मला तो आवाज नको असायचा, आता त्याच्यामागचं ओरडणं ऐकू येत नाही म्हणून जीव कासावीस होई. आणि दुसरीकडे मला दिसत होतं की या वर्षी फरशी होणार. तेल लावणारं कुणी उरलं नव्हतं. वार्निश धरेल, फरशी चकाकेल, काकाजी भिलाईला कळवतील आणि वाट पाहतील. मग काय होईल ते मला माहीत होतं. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला एका ओळखीच्या बाईंकडे खोलीची विचारणा करून ठेवली. त्यांनीही आडनाव विचारलं, आणि कळवते म्हणाल्या. मी भांडी पोत्यात बांधायला घेतली.

सगळी खोली खरवडून झाली. इतकी स्वच्छ मी ती कधीच पाहिली नव्हती. लाकूड कोरं, फिकट, जागोजागी इतकं पातळ की खालची आडवी रेष आतून दिसत होती. वार्निशचा नवा डबा दाराशी ठेवलेला होता, झाकण न उघडलेला. मी माझा स्टोव्ह न्यायला वर आले तेव्हा काकाजी उंबऱ्यावर बसले होते, काकू बसल्या होत्या तिथेच. हाताने फळी चाचपत होते.

"खालचं साफ झालं," ते म्हणाले. "एकदम साफ. आज लावलं तं धरन."

"हो, काकाजी," मी म्हटलं. 

त्यांनी वार्निशचा डबा बाजूला सरकवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, तुमच्या स्टोव्हच्या मांगं काकूची शिशी हाये. जवसाची. ते देजो जरा."

 ज्या माणसाने साग आणि सालई वासावर ओळखली, त्याला जवसाचा आणि शेंगदाण्याच्या फोडणीचा वास वेगळा कळत नव्हता, असं मी इतकी वर्षं कसं मानून चालले होते? बाईमाणसाच्या चुलीकडे न जाणाऱ्या माणसाला शिशीची जागा ठाऊक होती. भिलाईच्या घराचं ठाऊक होतं की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी शिशी दिली. तळाशी थोडं तेल उरलं होतं. काकू गेल्यावर ती फेकून द्यायचा धीर मला झाला नव्हता. काकाजींनी ते तळहातावर ओतलं, आपल्या टाचांना चोळलं, आधी डाव्या, मग उजव्या. भिंतीला धरून उठले. आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत गेले. वळले. परत आले. पुन्हा गेले. दर पावलाला टाच दाबत, घाई न करता, काकूंच्या वाटेवरून. आता हे पुन्हा खरवडता येणार नव्हतं. ही फरशी आता कधीच होणार नव्हती.

दाराशी येऊन त्यांनी कोरड्या फडक्याने ठसे पुसले, वार्निशचा डबा काखेत घेतला आणि जिना उतरू लागले. अर्ध्यावर थांबले.

"यंदाबी नाई धरणार," म्हणाले. "तुमी भांडे सोडून घ्या, बाई. अन् फोडणी देत जा आता."